वाळूतून जाऊन आलं की जुनी गाडी पुन्हा ऑइल का खाते?

तक्रार जवळपास ठरलेली असते. कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेली) जुनी गाडी, इंजिन बांधून फार दिवस झालेले नाहीत. बोअरिंग झालं, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत (बोअर) नव्याने कापून गुळगुळीत केली, पिस्टनभोवती नव्या रिंग बसल्या, एअर फिल्टरही नवा. मग गाडी काही वेळा वाळूतून, कोरड्या मातीच्या रस्त्यांवरून जाऊन येते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. हळूहळू चढावर ओढ कमी पडते, ऑइल मोजायच्या डिपस्टिकवरची पातळी खाली सरकायला लागते, ऑइल भरायच्या तोंडातून भपकारे येतात आणि सायलेन्सरमधून निळसर धूर. इंजिन पुन्हा उतरतं, पुन्हा रिंग, पुन्हा फिल्टर. पुढच्या फेरीनंतर पुन्हा तेच.

अशा वेळी खापर फुटतं ते रिंगच्या दर्जावर, नाहीतर बोअरिंग करणाऱ्यावर. कधीकधी ते बरोबरही असतं. पण नवं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं आणि वाळूच्या फेऱ्यांनंतरच बिघडलं, तर माझा संशय आधी एकाच ठिकाणी जातो: फिल्टरला वळसा घालून कुठून तरी हवा आत शिरते आहे आणि ती जागा अजून कुणी शोधलेली नाही. ती सापडत नाही तोवर इंजिन कितीदाही बांधा, खर्च तेवढा वाढेल.

आधी वाळू आणि धूळ वेगळी करा

वाळूत गाडी घातली की तीन त्रास एकदम अंगावर येतात. गाडी रुतते, पाणी उकळतं आणि धूळ आत जाते. पहिले दोन डोळ्यांना दिसतात म्हणून सगळं लक्ष तिकडे. तिसरा दिसत नाही, आणि इंजिन संपवतो तो तिसराच.

टेकड्यांच्या वाळूचा कण साधारण ०.१५ ते ०.३ मिलिमीटरचा असतो. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्याने १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घातल्या आणि नंतर वाऱ्याचा बोगदा उभारून वाळू कशी उडते याचा रीतसर अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार वाळूचे कण उड्या मारत, जमिनीलगत पुढे सरकतात. फार उंच जात नाहीत. ०.०८ मिलिमीटरपेक्षा बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात. ती धूळ. कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत पोचते ती हीच.

इंजिनाच्या दृष्टीने तर याहूनही बारीक धूळ वाईट. रिंग आणि बोअर यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). त्याच्याच जाडीच्या आसपासचा, म्हणजे पाच ते वीस-तीस मायक्रॉनचा कण त्या फटीत नेमका अडकतो आणि दोन्ही बाजूंना ओरखडतो. क्वार्ट्‌झची कठीणता मोह्‌ज मापावर ७. बिडाचा बोअर त्यापुढे मऊ. मोठा कण फिल्टरच्या डब्यातच खाली पडतो किंवा जाळीत अडकतो, बारीक कण हवेबरोबर वळणं घेत आत जातो.

यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना उलटा वाटतो. स्वच्छ, वाऱ्याने चाळलेल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये दिवसभर गाडी चालवण्यापेक्षा, पिठासारख्या मातीच्या सपाट रस्त्यावर दुसऱ्या गाडीच्या मागे अर्धा तास चालवणं इंजिनाला जास्त महाग पडतं. म्हणून तक्रार सांगताना ‘वाळूत गेलो होतो’ एवढं पुरत नाही. कोणाच्या मागे होता, आणि मागे असताना समोरची गाडी दिसत होती का, हे आठवा.

थोडा हिशेब करू. १५०० सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन ३००० फेऱ्यांवर (आरपीएम) मिनिटाला जास्तीत जास्त २२५० लिटर हवा ओढेल. प्रत्यक्षात ८० टक्के धरली तरी १८०० लिटर, म्हणजे तासाला सुमारे १०८ घनमीटर. समजा त्या हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅम धूळ आहे. तासाला ५४ ग्रॅम धूळ फिल्टरच्या दारात आली. फिल्टर ९९ टक्के धूळ अडवत असेल तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आत गेली. आता याच इंजिनाला फिल्टरनंतर एक बारीक फट आहे आणि फक्त एक टक्का हवा तिथून येते आहे असं धरा. त्या हवेतली सगळीच धूळ आत जाते: आणखी अर्धा ग्रॅम. एक टक्क्याच्या फटीने झीज दुप्पट. फिल्टर कितीही भारी आणला तरी हा दुसरा अर्धा ग्रॅम कमी होत नाही, हे गणित डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

मग जुन्या गाड्या वाळवंट कशा पार करत होत्या?

‘जुनं लोखंड दणकट होतं’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली आणि ती निघाली तेव्हा तिला एअर फिल्टर नव्हताच. २.९ लिटरचं इंजिन, २० अश्वशक्ती, आणि ती मिळायची १६०० फेऱ्यांवर. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण कितीपट दाबलं जातं ते, चारच्या आसपास. ऑइल पंप नाही, फिरणारे भाग उडवतील त्या ऑइलवर काम चालायचं. एवढ्या संथ आणि सैल इंजिनात झीज झाली तरी चालकाला पटकन कळायची नाही, आणि मुळात हेड उघडून काजळी काढणं, वॉल्व्ह घासणं ही तेव्हा नेहमीची देखभाल होती. म्हणजे त्या गाड्या धुळीने झिजत नव्हत्या असं नाही. झीज गृहीत धरलेली होती.

वजन हा दुसरा भाग. हलकी गाडी कमी रुतते, कमी रुतणारी गाडी कमी फेऱ्यांवर चालते. लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या ब्रिटिश तुकडीने १९४० मध्ये सुरुवात केली ती मागच्या दोनच चाकांना जोर असलेल्या शेव्हरोले ट्रकवर. १९४१ मध्ये त्यांना चारही चाकं ओढणारे फोर्ड ट्रक मिळाले. ते जड होते, पेट्रोल फार प्यायचे, आणि १९४२ मध्ये तुकडी पुन्हा दोन चाकांच्या शेव्हरोलेवर आली. चारही चाकांना जोर नसेल तर वाळूत जाऊच नये असं मानणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

१९२२ च्या डिसेंबरात अल्जीरियातल्या तुगुर्तहून निघून ७ जानेवारी १९२३ ला सहारापलीकडच्या टिंबक्टूला पोचलेल्या सित्रोएन गाड्यांनी तिसरा मार्ग काढला होता. मागे चाकांऐवजी फ्रेंच अभियंते आदोल्फ केग्रेस यांचे रबरी पट्टे, त्यामुळे वजन पसरलेलं, वेग बेताचा. इंजिन जेमतेम दीड लिटरचं.

इंजिन उघडलेलं असेल तर ते काय सांगतं

इंजिन उतरवलेलं असेल तर रिंग फेकून देऊ नका. तिथेच पुरावा असतो. प्रत्येक रिंग बोअरच्या तळाशी, जिथे झीज जवळपास नसते तिथे, पिस्टनने सरळ ढकलून बसवा आणि फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. वरच्या रिंगची फट दुसरीपेक्षा बरीच मोठी निघाली, बोअरच्या वरच्या टोकाला नखाला लागेल अशी कड तयार झाली असेल, तर धूळ हवेबरोबर वरून आली. रिंग साधारण सारख्या झिजल्यात, बोअर बरा आहे, पण मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर ओरखडे आहेत, तर धूळ ऑइलमधून आली: ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी), ऑइल भरायचं झाकण, डिपस्टिकची नळी. हा फरक न पाहता सगळंच बदललं तर पुढच्या वेळी शोधाला काही उरत नाही.

सगळ्या सिलिंडरची झीज सारखी आहे का तेही पाहा. फिल्टरच्या बैठकीतून किंवा रबरी पाइपातून आलेली धूळ सगळ्यांना वाटली जाते. मॅनिफोल्डचं (कार्बोरेटरमधून सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळाचं) एखादं गॅस्केट गेलं असेल तर त्या टोकाचा एकच सिलिंडर जास्त खाल्लेला दिसतो.

इंजिन उघडायचं नसेल तर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा, आधी कोरडं, मग प्लगच्या भोकातून एक-दोन चमचे ऑइल टाकून. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वर गेला तर रिंग आणि बोअर. नाही गेला तर वॉल्व्ह, आणि मग हा सगळा लेख तुमच्या कामाचा कदाचित नाही.

फट शोधायची कशी

फिल्टर काढा, आणि फिल्टर नको, त्याच्या *पुढचा* भाग पाहा: फिल्टरपासून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप, कार्बोरेटरचं तोंड. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. इथे मातीचा रंग आला तर चर्चा संपली. या भागात धूळ असण्याचं दुसरं कारण नसतं. थोडीशी धूळ चालते असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

पुसून सगळं स्वच्छ करा आणि पाइपाच्या आतून ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, बोटाने चमक येईल इतकाच. जास्त लावलं तर ते ओढलं जाईल. धुळीतून एक फेरी मारून या आणि उघडा. फट जिथे असेल तिथून धुळीचा पट्टा सुरू होतो आणि हवेच्या दिशेने पसरत जातो. टोक सापडलं की फट सापडली. फिल्टरच्या रबरी कडेवरही असाच माग दिसतो: कडेवर एके ठिकाणी बारीक धुळीची रेघ आरपार गेलेली असेल तर तिथे कडा दाबलीच जात नाही.

नेहमी सापडणाऱ्या जागा सांगतो. डब्याच्या झाकणाचा विंग नट आणि त्याखालचा हरवलेला वॉशर. रबरी पाइपाची खालची बाजू, जिथे तडे जातात आणि वरून दिसत नाहीत. पाइप वाकवून पाहा. क्लॅम्प आवळलेला पण पाइप कडक झाल्याने खाली सैल. डब्याची पत्र्याची कडा ठोकर लागून वाकलेली. मॅनिफोल्डवरून वायपरला किंवा डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या व्हॅक्यूम नळ्या. कार्बोरेटरखालची वाकलेली फ्लँज (जोडाची सपाट कड), जी वर्षानुवर्षं जोर लावून आवळल्याने मधून उचलली जाते.

आणि थ्रॉटलचा स्पिंडल. यावर मी मुद्दाम थांबतो, कारण जुन्या कार्बोरेटरमध्ये हीच जागा सर्वांत जास्त वेळा सुटते. थ्रॉटलची पाकळी ज्या दांड्यावर फिरते तो दांडा कार्बोरेटरच्या मऊ धातूच्या अंगातून आरपार जातो. धूळ बाहेरून दांड्यावर बसते, प्रत्येक हालचालीला भोक थोडं घासतं, भोक मोठं झालं की तिथून हवा आत खेचली जाते, हवेबरोबर आणखी धूळ, आणखी घासणं. पाकळी जितकी मिटलेली तितकी तिच्या मागे ओढ जास्त, म्हणजे रमतगमत चालवतानाही ही गळती चालूच. फिल्टर याच्या आधी आहे; त्याचा इथे काही उपयोग नाही.

या गळतीची पहिली खूण म्हणजे इंजिन आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता संथ चालताना) एका जागी ठरत नाही. मिश्रण हवेने पातळ होतं. मग कोणीतरी आयडलचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतो, इंजिन शांत होतं, गाडी ‘ट्यून’ झाली असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात गळती झाकली गेली. जी गाडी दर काही महिन्यांनी ट्यून करावी लागते तिचा स्पिंडल मी आधी हलवून पाहीन.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलला ठेवून स्पिंडलच्या दोन्ही टोकांना ऑइलचे दोन-चार थेंब सोडा. क्षणभर फेऱ्या बदलल्या, आवाज सुधारला, तर तिथून हवा जात होती. पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर शिंपडून ही चाचणी करायची पद्धत आहे, पण गरम सायलेन्सर शेजारी असताना मला ती पटत नाही. उपाय म्हणजे भोक मोठं करून पितळी बुश बसवणं आणि नवा दांडा. काही कार्बोरेटरना टोकाला सील बसवता येतं. नुसता नवा दांडा जुन्या भोकात घालणं हे काम नव्हे.

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीला) हवेसाठी एक छिद्र असतं, तेही पाहा. काही जुन्या कार्बोरेटरमध्ये ते थेट बाहेर उघडतं. तिथून गेलेली धूळ पेट्रोलमध्ये मिसळून जेटपाशी (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकापाशी) येते. चेंबरच्या तळाशी मऊ, मातकट थर दिसला आणि पेट्रोलचा फिल्टर मात्र स्वच्छ असेल, तर ती माती टाकीतून आलेली नाही.

ऑइल बाथ फिल्टर असेल तर

१९३०च्या दशकापासून ट्रॅक्टर, ट्रक आणि बऱ्याच गाड्यांवर ऑइल बाथ फिल्टर आले. हवा खाली येते, ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून एकदम उलटी वर वळते. जड कण वळू शकत नाहीत, ऑइलमध्ये पडतात. उरलेले ऑइलने भिजलेल्या तारेच्या जाळीत अडकतात. कल्पना सुंदर आहे, आणि फिल्टर विकत न आणता धुऊन पुन्हा वापरता येतो. पण तिची ताकद हवेच्या वेगावर अवलंबून. पूर्ण ओढीला ती धूळ बऱ्यापैकी पकडते, आयडल आणि कमी वेगाला हवा इतकी सावकाश वळते की बारीक कणही आरामात वळतो. चांगल्या स्थितीतला ऑइल बाथ ९५ टक्क्यांच्या आसपास धरावा. वरच्या हिशेबात ५४ ग्रॅमपैकी सुमारे २.७ ग्रॅम आत. कागदाच्या फिल्टरच्या पाचपट.

त्यातही तो नीट भरलेला असेल तर. ऑइल खुणेच्या खाली असेल तर जाळी भिजत नाही, कोरडी जाळी काही पकडत नाही. खुणेच्या वर भरलं तर ऑइल ओढलं जातं, धूर येतो, आणि रिंग गेल्या असं निदान होतं. तळाशी गाळ साठतो तसं ऑइल वर चढतं, म्हणून नुसती पातळी पाहून समाधान मानू नका. काडी घालून गाळ मोजा. सेंटीमीटरभर झाला की सगळं ओतून टाका. खूप धुळीत हे रोजचं काम आहे, आठवड्याचं नाही. जाळी रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण निथळू द्या, मग ऑइल भरा. डबा आणि वाटी यांच्यामधलं गॅस्केट बहुतेक जुन्या फिल्टरमध्ये वाळून गेलेलं असतं. तीव्र उतारावर, तिरक्या वाळूत गाडी कलली की ऑइल एका बाजूला जातं आणि दुसऱ्या बाजूने हवा तशीच निघून जाते, यावर उपाय नाही.

माझा कौल विचाराल तर: गाडी प्रदर्शनात ठेवायची नसेल आणि खरोखर धुळीत जायची असेल, तर जुन्या डब्यात कागदाचा फिल्टर बसवून घ्या. त्याच्या आधी हवेला गरगर फिरवून जाड कण बाजूला टाकणारा प्री-क्लीनर लावता आला तर फिल्टर खूप टिकतो. ट्रॅक्टरवर काचेची वाटी असलेले असे प्री-क्लीनर पाहिले असतील.

कागदाचा फिल्टर सारखा काढून झटकू नका. थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक कण जास्त अडवतो, आणि प्रत्येक वेळी डबा उघडताना कडेवरची धूळ स्वच्छ बाजूला सांडायची भीती असते. हवा मारायचीच तर आतून बाहेर, लांबून, कमी दाबाने. नंतर आत दिवा धरा. कुठे ठिपका चमकला तर फिल्टर टाकून द्या. आपटून साफ करणं म्हणजे कडेचं सील मोडणं.

खालून येणारी धूळ

जुन्या इंजिनात क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) ब्रीदर म्हणजे खाली रस्त्याकडे तोंड केलेली एक उघडी नळी. गाडी वेगात असली की बाहेरची हवा नळीच्या तोंडाशी ओढ निर्माण करते, ऑइलच्या झाकणातून ताजी हवा आत येते आणि वाफ नळीतून बाहेर जाते. वाळूत वेग नसतो. ओढ थांबते, वाफ आतच राहते. आणि गरम इंजिन बंद करून थंड झालं की आतली हवा आकसते, बाहेरची हवा नळीतून आणि झाकणातून आत येते. तेव्हा गाडीभोवती स्वतःच उडवलेली धूळ अजून खाली बसलेली नसते. झाकणातली जाळी धुऊन ऑइलमध्ये बुडवून निथळून लावा, ती कोरडी असते म्हणूनच निकामी असते. डिपस्टिक पूर्ण बसली आहे का पाहा, आणि ती काढण्याआधी भोवतालची धूळ पुसा.

अनेक जुन्या इंजिनांत ऑइल फिल्टर बायपास पद्धतीचा असतो: पंपाने फिरवलेल्या ऑइलचा थोडासाच भाग फिल्टरमधून जातो, बाकीचं तसंच बेअरिंगकडे. काहींना फिल्टर नाहीच. म्हणून पुस्तकात लिहिलेलं ऑइल बदलायचं अंतर वाळूसाठी धरू नका. फेरीवरून आल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल काढा, म्हणजे कण तळाशी बसायच्या आत बाहेर पडतात.

रुतणं आणि उकळणं यांचा इथे काय संबंध?

गाडी रुतली की चालक काय करतो? पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबतो. चाकं जागेवर फिरतात, धुळीचा ढग गाडीभोवतीच राहतो, आणि इंजिन सर्वांत जास्त फेऱ्यांवर तोच ढग ओढत असतं. फिल्टरची सगळ्यात कठीण परीक्षा तीच. म्हणून टायरची हवा कमी करणं हा इंजिन वाचवण्याचाच उपाय आहे. हवा कमी केल्यावर टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावर चढतं, कमी फेऱ्यांत काम होतं. हलक्या जुन्या गाडीला १५ ते १८ पीएसआय. ट्यूबच्या टायरमध्ये यापेक्षा फार खाली गेलात तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून फाटतो. कडक रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरा.

चाक एकदा फिरायला लागलं की पाय काढा. फावडं घ्या. बॅग्नोल्ड यांनी यासाठी सुमारे दीड मीटर लांबीच्या लोखंडी पन्हळ्या नेल्या होत्या; पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी बनवलेल्या त्या पन्हळ्या त्यांना कैरोच्या भंगारात मिळाल्या. चाकापुढे त्या सरकवायच्या आणि गाडी ढकलायची. आजही वाळूत नेतात त्या पट्ट्या याच घराण्यातल्या. शिवाय वाऱ्याने दाबून बसवलेली वाळू घट्ट असते आणि टेकडीच्या आडोशाच्या बाजूने घसरून पडलेली सैल, हे ओळखता आलं तर फावडं बाहेर काढायची वेळच कमी येते.

पाणी उकळलं की लोक बॉनेट उघडं ठेवून किंवा काढूनच गाडी चालवतात. थंड होते थोडी, पण कार्बोरेटरपाशी धूळ थेट येते, आणि वर सांगितलेली प्रत्येक फट दुप्पट जोमाने खाते. त्यापेक्षा उकळण्याचं मूळ पाहा. मागून वारा असेल तर रेडिएटरमधून हवा जवळपास जातच नाही. थांबताना गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा. इग्निशनचं टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर इंजिन विनाकारण तापतं. रेडिएटरच्या पाकळ्यांत गवताचं बी, किडे आणि माती मिळून जी चटई बसते ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारून काढा.

उकळून पाणी उडून जातं हा त्रास मॉडेल टीच्या काळात फार होता. पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात गस्त घालणाऱ्या मॉडेल टींवर त्यासाठी साधी युक्ती वापरली गेली आणि बॅग्नोल्ड यांनी ती पुढे नेली. रेडिएटरची वाफ बाहेर सोडण्याऐवजी नळीने पायरीवर बांधलेल्या पाण्याच्या डब्यात न्यायची, नळीचं टोक डब्याच्या तळाशी. वाफ पाण्यात विरते. गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवली की रेडिएटर थंड होतो, आत पोकळी होते आणि डब्यातलं पाणी गुडगुड करत परत वर खेचलं जातं. नंतरच्या गाड्यांमधली प्लॅस्टिकची बाटली हेच काम करते. जुन्या गाडीला ही बसवायची तर रेडिएटरचं झाकण हवाबंद हवं आणि नळीचं टोक कायम पाण्याखाली, नाहीतर परत येताना नुसती हवा येईल. उकळत असताना झाकण उघडू नका, आणि तापलेल्या बिडाच्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका. तडा गेला तर तो इंजिन पुन्हा बांधून भरून येत नाही.

हवेने थंड होणारी इंजिनं, उदाहरणार्थ जुनी फोक्सवॅगन बीटल, उकळत नाहीत म्हणून वाळूत निर्धास्त समजली जातात. पण तिचा पंखा हवा ओढतो ती धुळीसकट. सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये आणि ऑइल कूलरमध्ये, विशेषतः ऑइल झिरपत असेल तर, माती चिकटून थर बसतो. तापमानाचा काटा नाही, पाण्याची वाफ नाही, त्यामुळे कळायलाही मार्ग नाही. पंख्याचं आवरण काढून वर्षाकाठी आत डोकावा.

बाकी किरकोळ: डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पुसा, ब्रेकचे ड्रम काढून झटका. किंगपिनला (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला) ताजं ग्रीस भरताना जुनं मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. स्प्रिंगच्या पाट्यांना मात्र वाळूत जाण्याआधी ऑइल लावू नका, ऑइल आणि वाळू मिळून पाटे घासले जातात.

कामाचा क्रम

इंजिन आता धूर मारत असेल तरी लगेच उतरवू नका. आधी फट शोधा, बुजवा, ग्रीसची चाचणी पुन्हा करून पाइप स्वच्छ राहतो याची खात्री करा, आणि मगच बोअरिंगला द्या. उलट क्रमाने केलं तर नव्या रिंग पुन्हा त्याच धुळीत बसतील. इंजिन बांधताना मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर आतून धुतले का, हे स्वतः पाहा. जुनी धूळ मॅनिफोल्डच्या कोपऱ्यांत बसलेली असते आणि पहिल्या काही तासांत, रिंग बसत असताना नेमकी सुटते.

धूर फक्त उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर येत असेल आणि बाकी वेळी इंजिन स्वच्छ असेल, तर वॉल्व्हचे गाइड (ज्या नळीत वॉल्व्हचा दांडा सरकतो) आणि त्यांची सीलं आधी पाहा, धुळीचा माग नंतर.

ज्यांना ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो त्यांनी बांधणीनंतरच्या प्रत्येक ऑइलबदलाला सिलिकॉन (धुळीतून येणारा) आणि लोह (झिजलेल्या बोअर-रिंगमधून येणारं) हे दोन आकडे लिहून ठेवावेत. दोन्ही बरोबरीने चढत असतील तर धूळ अजून येते आहे, धूर दिसण्याच्या कितीतरी आधी हे कळतं. सिलिकॉन एकटाच वर असेल आणि लोह जागेवर, तर घाबरू नका: गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉन सीलंटमुळे नव्या इंजिनात असा आकडा येतो आणि दोन-तीन ऑइलबदलांत उतरतो. उतरला नाही तर पुन्हा फिल्टरच्या पुढच्या पाइपापासून सुरुवात करा.